लेक फौजेतून घरी येते तेव्हा



फौजेतून माणूस घरी आला की त्याला कसे घ्यायचे, हे आपल्या वस्तीला शिकवावे लागत नाही. काळी पेटी घेऊन तो एस.टी.तून उतरला की पोरे धावत सुटतात. पुढे तो पेन्शनीत निघाला की सारी वस्ती त्याला ‘मेजर’ म्हणते. मग तो शिपाई म्हणून निघालेला असो की हवालदार म्हणून. विहारात त्याच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची मांडली जाते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीची शिस्त त्याच्या हाती दिली जाते. कुणाचा अर्ज लिहायचा असो, तलाठ्याकडे जायचे असो, पोरगीच्या सोयरिकीची बोलणी असोत, ‘मेजरला बोलवा’ असेच म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत हा मान चालत आलेला आहे आणि तो योग्यच आहे.

आता असे समजा की त्याच एस.टी.तून, तशीच पेटी घेऊन, बावीस वर्षांची एक मुलगी मंचरला किंवा ओतूरला उतरली. चार वर्षे वर्दीत काढून आली. पोरे धावतीलही. पण दुसऱ्या दिवशी काय? तिला कोण ‘मेजर’ म्हणेल? विहारात तिची खुर्ची कुठे मांडायची? की आईने म्हणायचे, ‘आलीस ना आता? झाले तुझे. चल, भाकऱ्या थाप’?

हा प्रश्न आज आम्ही उगाच काढलेला नाही. लेकीला भरतीला पाठवताना घरे आता तयारी करू लागली आहेत. पण ती परत येईल तेव्हाची तयारी कुणीच करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जाण्याची जेवढी तयारी करता, त्याहून जास्त येण्याची करा.

पेन्शनर सुभेदारांनी काय दिले

फौजेतून परतलेल्या माणसाचे मोल आपल्याइतके कुणाला कळावे? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे हेडमास्तर होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. त्यांची आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातली. माळशेज घाट उतरला की पुढे मुरबाड लागते, म्हणजे जुन्नरकरांना हे माहेर घाटाखालचेच. भीमाबाईंचे वडीलही लष्करात सुभेदार मेजर होते. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्याबोलण्यात घालविले.

ही माणसे घरी परतली तेव्हा त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या. छावणीत मिळालेले अक्षर, दर महिन्याची पेन्शन आणि नावापुढे लागलेला हुद्दा. अक्षरामुळे त्यांना अर्ज लिहिता आला. पेन्शनमुळे गावच्या पाटलाच्या तुकड्यावर अवलंबून राहावे लागले नाही. आणि हुद्द्यामुळे चार माणसांत बोलण्याची ताठ मान मिळाली. पुढे इंग्रज सरकारने आपल्या लोकांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज कुणी केले? याच पेन्शनरांनी आणि त्यांच्या पाठच्या पिढीने. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० सालचा अर्ज प्रसिद्धच आहे. शेवटी १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणून आम्ही म्हणतो की फौजेतून परतणे म्हणजे नोकरी संपणे नव्हे. आपल्या समाजात ती पुष्कळदा खऱ्या कामाची सुरुवात ठरली आहे. पण ती सुरुवात पुरुषांची झाली. या मोजणीत बाई आलीच नाही, कारण बाई फौजेत नव्हती.

दार कसे उघडले

अगदीच नव्हती असेही नाही. लष्करी इस्पितळांतल्या परिचारिका कितीतरी वर्षांपासून सेवेत आहेत. पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये आपल्यापैकी कुणी जवानाला भेटायला गेले असेल, तर त्यांना पाहिले असेल. खांद्यावर तारे असलेल्या त्या बायका अधिकारी असतात. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली बायकांचे एक सहायक दल उभारले गेले. त्यात हजारो जणींनी कारकुनीची, टेलिफोनची, संदेशांची कामे केली. युद्ध संपल्यावर ते दल मोडले आणि बायका घरोघर गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

परिचारिकांचेही एक ऐकून ठेवण्यासारखे आहे. सेलिना जॉन नावाच्या एका लेफ्टनंट परिचारिकेने १९८८ साली लग्न केले. लग्न केले म्हणून तिला सेवेतून काढून टाकले! तसा नियमच १९७७ साली केलेला होता आणि तो १९९५ साली मागे घेतला गेला. ती बाई न्यायालयात लढत राहिली. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न केले म्हणून बाईला कामावरून काढणे हा उघड अन्याय आहे, आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. न्याय मिळाला, पण मध्ये छत्तीस वर्षे गेली. पुरुषाने लग्न केले तर पलटणीत मिठाई वाटतात. बाईने केले तर तिची पेटी बांधून देत होते.

अधिकारी म्हणून बायकांना सैन्याचे दार १९९२ साली उघडले. आधी पाच वर्षांसाठी, मग दहा, मग चौदा. पण अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला वीस वर्षे भरावी लागतात. म्हणजे ज्यांना कायम केले नाही त्या बायका चौदा वर्षे सेवा करून, चाळिशीच्या आसपास, पेन्शनशिवाय घरी आल्या. या विरुद्ध काही जणी वर्षानुवर्षे भांडल्या आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बायकांनाही पुरुषांप्रमाणे कायम सेवेचा हक्क आहे, हे मान्य झाले.

त्या खटल्यात सरकारच्या बाजूने जे कारण पुढे केले होते, ते आपण खेड्यातल्या माणसांनी नीट ऐकावे. जवान बहुतेक खेड्यापाड्यांतून येतात, तिथल्या रीतिरिवाजांत वाढलेले असतात, म्हणून बाईचा हुकूम मानायला त्यांचे मन अजून तयार नाही, असे ते कारण होते. म्हणजे दिल्लीत बाईची वाट अडवली आणि नाव आपल्या खेड्यांचे घेतले! न्यायालयाने हे कारण झिडकारले. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक धनंजय चंद्रचूड. त्यांचे मूळ गाव कनेरसर, आपल्या आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातले. खेड्याच्या नावाने काढलेली सबब खेड्याशीच नाते असलेल्या माणसाने पुसून टाकली, याचा आम्हाला आनंद वाटला. पण ती कागदावरून पुसली. आपल्या घरातून पुसली गेली का, हे ज्याने त्याने पाहावे.

पुढे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ऑगस्ट २०२२ मध्ये १९ मुली दाखल झाल्या आणि त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. बाईने शिपाई म्हणून जाणे मात्र याच्याही आधी सुरू झाले होते. लष्करी पोलीस दलात मुलींची भरती २०१९ साली निघाली आणि ६१ आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ८३ मुलींची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बंगळूरहून बाहेर पडली. आपल्या कष्टकरी घरांच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट, कारण अधिकारी होण्याइतके शिक्षण आणि इंग्रजी सगळ्यांच्या घरात नसते. दहावीच्या गुणांवर, धावण्याच्या जोरावर जाता येईल असे दार आपल्या पोरीला पहिल्यांदा उघडले.

पहाटेचे धावणे आणि पुढचे शिकणे

लष्करी पोलिसाच्या भरतीत मुलीला १६०० मीटर साडेसात मिनिटांत धावले तर पहिला गट मिळतो आणि आठ मिनिटांत धावले तर दुसरा. दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी मारावी लागते. हे सगळे घरच्या भाकरीवर, शेतातल्या कामातून वेळ काढून करायचे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी शहरातल्या मुलीला नसते. दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि फडात बिबट्या. पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्याने धावायला निघालेल्या मुलीच्या मागे बाप सायकलवर बॅटरी घेऊन जातो, हे चित्र जुन्नर-आंबेगावचेच. त्या बापाला आमचा जयभीम.

पण धावून दार गाठले, एवढ्यावर संपत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत मुलीला सगळेच बदलावे लागते. घरी ती कुणाची तरी मुलगी, कुणाची बहीण असते. तिथे ती एक नंबर असते. भाषा हिंदी. जेवण मेसचे. झोपायचे आणि उठायचे ते शिटीवर. केस कापायचे. खांद्यावर बंदूक, पाठीवर ओझे. घरी तिला ‘हळू बोल, मुलीच्या जातीने खाली बघून चालावे’ असे शिकवलेले असते. तिथे मान वर, नजर समोर आणि आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला पाहिजे. अठरा वर्षांचे शिकवणे काही महिन्यांत उलटे करायचे, हे काही सोपे नाही. पहिल्या दिवसांत मुली रात्री उशीत तोंड खुपसून रडत असतील, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलगेही रडतात, सांगत नाहीत एवढेच.

वर्दी घातली की सगळे प्रश्न मिटतात, असे आम्ही म्हणणार नाही. छातीवर नावाची पट्टी असते आणि नावावरून माणूस ओळखण्याची खोड या देशात जुनी आहे. पण तिथे सलाम हुद्द्याला असतो आणि नियम कागदावर असतो. ज्या मुलीने गावात पाणवठ्यापासून मंदिराच्या पायरीपर्यंत आपली जागा दाखवून घेतली असेल, तिच्यासाठी ‘नियम सर्वांना सारखा’ हे चार वर्षे रोज अनुभवणे केवढे असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणि मग, हे सगळे अंगात मुरल्यावर, ती घरी येते.

चार वर्षांचा हिशेब

इथे आता पैशांचा हिशेब मांडावा लागतो, कारण पूर्वीच्या फौजीत आणि आताच्या मुलीत मोठा फरक आहे. कायम नोकरीतला शिपाई पंधरा वर्षे भरली की पेन्शनला पात्र होतो. पण जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि तेव्हापासून शिपाईपदाची भरती चार वर्षांची झाली. चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम होतात. बाकीचे घरी.

योजना जाहीर झाली तेव्हाचे आकडे असे. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, दुसऱ्या वर्षी ३३ हजार, तिसऱ्या वर्षी साडेछत्तीस हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार. यातला तीस टक्के भाग सेवानिधीत कापला जातो. म्हणजे पहिल्या वर्षी मुलीच्या हातात महिन्याला २१ हजार येतात. चार वर्षांत तिच्या पगारातून कापलेले होतात ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालते. मिळून १० लाख ४ हजार आणि वर व्याज. त्यावर आयकर नाही.

आकडा मोठा दिसतो. आता उलटा हिशेब करा. दहा लाख बँकेत ठेवले आणि शेकडा सहा दराने व्याज मिळाले, तर वर्षाला साठ हजार. महिन्याला पाच हजार. यावर बावीस वर्षांच्या मुलीचे पुढचे चाळीस वर्षांचे आयुष्य निघणार आहे का? पेन्शन नाही. लष्करी कॅन्टीन आणि माजी सैनिकांची औषधपाण्याची सोय नाही. सरकारी व्याख्येत तिला ‘माजी सैनिक’ हा दर्जासुद्धा नाही. म्हणजे रामजी सुभेदारांच्या काळात घरी येणाऱ्याकडे ज्या तीन गोष्टी होत्या, त्यांतली पेन्शन गेली आणि हुद्दाही जवळजवळ गेला. अक्षर आणि शिस्त तेवढी उरली.

आणि या मुली येण्याचा काळ दूर नाही. नौदलाची पहिली अग्निवीर तुकडी २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातल्या चिल्का इथून बाहेर पडली, तिच्यात २७० च्या वर मुली होत्या. त्या २०२२ च्या अखेरीस दाखल झाल्या होत्या, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. हवाई दलाच्या दीडशेच्या वर मुली डिसेंबर २०२३ मध्ये बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडल्या. ज्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेच हे गाव. या मुलींची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यांच्या मागून दर वर्षी तुकड्या आहेतच. वर्दी उतरवून घरी येणाऱ्या मुलींची एक नवी पिढीच यापुढे आपल्या महाराष्ट्रात तयार होणार आहे.

सेवानिधी कुणाचा?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. मुलगी परत येते ती बाविशी-तेविशीत. म्हणजे नेमकी लग्नाच्या वयात. आणि तिच्या खात्यात दहा लाख रुपये आहेत हे साऱ्या भावकीला माहीत असते. पुढे काय होते, ते आपल्या समाजाला ओळखणाऱ्याला सांगावे लागत नाही. कुणी म्हणेल, लग्न दणक्यात करू, मांडव मोठा घालू. कुणी म्हणेल, भावाला टेम्पो घेऊन देऊ, तो तुझा सांभाळ करील. सोयरिकीला आलेली मंडळी तोंडाने हुंडा मागणार नाहीत, पण ‘मुलीचे मुलीजवळ असू द्या’ असे म्हणून नजर त्या पासबुकावर ठेवतील. चार वर्षे डोंगरावर, समुद्रावर, उन्हातान्हात काढलेले पैसे चार दिवसांच्या मांडवात जातात आणि मुलगी पुन्हा होती तिथे येऊन बसते.

आम्ही स्पष्ट सांगतो. सेवानिधी ही लग्नाची रक्कम नव्हे. ती त्या मुलीची पेन्शन आहे, एकदाच आणि शेवटची मिळालेली. पेन्शनर बापाच्या पेन्शनचा कधी मांडव घातला होता का आपण? मग लेकीच्या पेन्शनचा का घालायचा? तो पैसा तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात राहू द्या. त्यातून पुढचे शिक्षण, धंद्याचे सामान, घराची एखादी खोली किंवा जमिनीचा तुकडा घ्यायचा तर तो तिच्या नावावर घ्या. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले की नाही, हे पाहा. भावाला द्यायचेच असले तर ते तिने स्वतः ठरवून, कागदावर उसने म्हणून द्यावे. ज्या मुलीवर सरकारने बंदूक सोपवली, तिच्यावर तिचेच पासबुक सोपवायला आपण का भितो?

घरातली जागा

पैशाचे झाले. मनाचे त्याहून अवघड. घरी आलेली मुलगी पूर्वीची राहिलेली नसते. पहाटे चारला तिला जाग येते. चहा मागत नाही, स्वतः करते. बोलते मोठ्याने आणि थोडक्यात. गप्पांत रमत नाही. वस्तू जागच्या जागी नसली की चिडते. कुणी तिच्या मागून अचानक आले तर दचकते. गुडघा, कंबर, पाऊल यांपैकी काहीतरी दुखत असते आणि ती सांगत नाही, कारण तिथे सांगायची सवय नसते. मग आई म्हणते, ‘पोरगी पुरुषासारखी झाली.’ शेजारीण म्हणते, ‘एवढी वर्षे पुरुषांत राहून आली, कोण करणार हिला?’ हे बोल गोळीपेक्षा जास्त लागतात, कारण गोळीची तयारी करून घेतलेली असते आणि या बोलण्याची नसते.

आयांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. आल्या आल्या तिच्यामागे लागू नका. दोन-चार महिने तिला तिच्या वेळापत्रकाने राहू द्या. धावायला जात असेल तर जाऊ द्या. भाकरी तीही करील, पण भावानेही भांडी घासावीत, कारण तिथे स्वतःची भांडी प्रत्येकजण स्वतः घासतो हे ती पाहून आलेली आहे. दुखणे असेल तर ‘बाईला असतेच’ म्हणून सोडू नका, मंचर किंवा नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवा. रात्र रात्र झोप येत नसेल, सारखी उदास बसत असेल, तर तेही दुखणेच समजा आणि डॉक्टरला सांगा. त्यासाठी अंगारा-धुपारा करणाऱ्याच्या दारात जायची आपल्याला गरज नाही.

लग्नाचे म्हणाल, तर ते तिच्या मनाने आणि तिच्या वेळेने होऊ द्या. सैन्यातली मुलगी नको म्हणणाऱ्या घराला आपणच नको म्हणावे. शिस्तीची, कमावती, संकटात न डगमगणारी बायको ज्याला जड वाटते, त्याचा संसार तिला जड झाला असता.

हाताला काम

मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांना जागा मिळते. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या आणि निवृत्तीनंतर २०२१ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मराठी बाईने एवढी उंची गाठली, याचा अभिमान सर्वांनाच आहे. पण दहावीवर शिपाई म्हणून गेलेल्या आपल्या मुलीच्या दारात कुणी नेमणुकीचे पत्र घेऊन येणार नाही. तिला स्वतः शोधावे लागेल. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, सुटताना मिळालेला प्रत्येक कागद जपावा. सेवेचा दाखला, शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय कागद यांच्या प्रती काढून मूळ कागद घरात पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. दहावीवर गेलेल्या मुलीला सेवेत असताना बारावीच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय योजनेत आहे. ते घेतल्याशिवाय येऊ नये, हे तिला आत्ताच पत्राने, फोनने कळवा.

दोन, केंद्राच्या निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा ठेवण्याचे २०२२ सालीच जाहीर झाले आहे. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा आहेतच. जाहिरात वाचताना ‘माजी सैनिक’ आणि ‘माजी अग्निवीर’ हे रकाने वेगळे आहेत हे लक्षात घ्या. चुकीच्या रकान्यात खूण केली तर अर्ज बाद होण्याची भीती आहे. जातीचा दाखला आणि जात पडताळणी ती रजेवर आलेली असतानाच करून ठेवा.

तीन, पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. पुरुष गेला तर ‘नाव सांगा’ म्हणतात आणि बाई गेली तर ‘तुमचे मिस्टर कुठल्या पलटणीत होते?’ असे विचारले जाण्याचा संभव आहे. तेव्हा मुलीने ताठ उभे राहून आपलाच नंबर सांगावा. दोनदा-तीनदा सांगितले की समोरच्यालाही सवय होते.

चार, ज्यांच्या मुली अजून शाळेत आहेत त्यांनी चार वर्षांचीच वाट आहे असे समजू नये. बारावी शास्त्र शाखा चांगली केली तर लष्करी परिचर्येचा अभ्यासक्रम आहे, प्रबोधिनीची परीक्षा आहे. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली आहे. दार जेवढे वरचे, तेवढे परत येणे सुखाचे. मुलगी धावण्यात हुशार असेल तर पायाबरोबर तिच्या वहीकडेही लक्ष द्या.

वस्तीने काय करावे

एक जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत आपले बावीस वीर आहेत. बाबासाहेब १९२७ साली तिथे गेले आणि तेव्हापासून त्या दगडाने आपल्याला मान वर करायला शिकवले. दगडावरच्या नावांना मानवंदना देणारा समाज जिवंत आलेल्या लेकीला ओळख देणार नसेल, तर त्या मानवंदनेचा अर्थ काय राहिला?

म्हणून विहाराच्या पंचकमिट्यांना आमची विनंती आहे. मुलगी फौजेतून आली की हार घाला, पण हारावर थांबू नका. पुढच्या वर्षी मिरवणुकीची शिस्त तिच्या हाती द्या. गावातल्या मुलींना पहाटे धावायला शिकवण्याचे काम तिला सांगा आणि त्याचे काहीतरी मानधन वर्गणीतून द्या. फुकट राबवू नका. अशी एक शिकवणारी असेल तर दहा मुली एकत्र धावतील आणि उसातल्या बिबट्याची भीतीही दहात वाटली जाईल. महिला मंडळाच्या बैठकीत तिला बोलू द्या. तिथे काय चांगले होते, काय खुपत होते, हे तिच्याच तोंडून ऐका. पुढच्या मुलीला पाठवायचे की नाही, हे तिच्याइतके खरे कुणी सांगणार नाही.

आणि तिला नावाने हाक मारा. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, हे झालेच. पण रस्त्याने जाताना एखाद्या म्हाताऱ्या आजोबाने, जे स्वतः पलटणीतून आलेले आहेत, तिला थांबवून ‘काय मेजर, बरे आहे ना?’ एवढे विचारले तरी पुष्कळ. हुद्दा सरकारने दिला नाही, तर तो वस्तीने द्यावा. रामजी सुभेदारांना गावोगाव सुभेदार म्हणून हाक मारली जात होती, ती सरकारी हुकमाने नव्हे.

तिला फौजेत पाठवताना आपण म्हटले होते, ‘घरची काळजी करू नकोस.’ आता ती घरी येते आहे. तिला घराचीच काळजी वाटू नये, एवढे आपण करू.

जयभीम.